माल कुणाचा, जबाबदारी कुणाची?

ऑगस्ट २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनविरुद्ध एक आदेश काढला. विषय होता प्रेशर कुकर. कुकरमध्ये कोंडलेल्या वाफेचा जास्तीचा दाब शिट्टीवाटे निघून जातो, आणि शिट्टीची नळी तुंबली तर सेफ्टी व्हॉल्व्ह वाफेला वाट करून देतो. व्हॉल्व्ह निकृष्ट असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर हेच भांडे स्वयंपाकघरात फुटते. म्हणून केंद्र सरकारने घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह १ फेब्रुवारी २०२१पासून सक्तीचे केले. तरीही त्यानंतर या मानकात न बसणारे २,२६५ कुकर ॲमेझॉनच्या संकेतस्थळावरून विकले गेले. त्या विक्रीवरच्या शुल्कापोटी कंपनीला ६ लाख १४ हजार रुपयांहून अधिक रक्कम मिळाली होती.

प्राधिकरणाने एक लाख रुपये दंड केला. सर्व ग्राहकांना कळवा, कुकर परत मागवा, पैसे परत करा आणि ४५ दिवसांत अहवाल द्या, असेही सांगितले. त्याच महिन्यात ५९८ कुकरच्या विक्रीबद्दल फ्लिपकार्टवरही तसाच आदेश निघाला. दोन्ही कंपन्यांनी या आदेशांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. प्राधिकरणाचे म्हणणे सरळ होते: प्रत्येक विक्रीतून तुम्ही पैसे कमावता, मग त्या मालाबद्दल तक्रार आली की हात झटकता येणार नाहीत.

ऑनलाइन खरेदीतला जवळपास प्रत्येक मनस्ताप याच वादातून जन्म घेतो. चुकीची वस्तू आली, पैसे अडकले, रिव्ह्यू खोटे निघाले, सवलत फसवी निघाली, कस्टमर केअरवर माणूस भेटेना. वरवर पाहता या पाच वेगळ्या तक्रारी आहेत. मुळाशी गेले की एकच रचना दिसते: माल दाखवणारा एक, विकणारा दुसरा, पोहोचवणारा तिसरा, उत्तर देणारा चौथा, आणि जबाबदारी यांच्या मधल्या फटीत पडलेली. ही रचना समजली की मनस्ताप लगेच थांबतो असे नाही, पण तक्रार नेमकी कुणाच्या दारात न्यायची ते कळते.

दुकान की बाजार?

सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी २००७मध्ये बेंगळुरूत फ्लिपकार्ट सुरू केले, तेव्हा तिथे पुस्तके मिळत. २०१०मध्ये कॅश ऑन डिलिव्हरीची सोय आली आणि कार्ड नसलेला, ऑनलाइन पैसे भरायला बिचकणारा मोठा वर्ग खरेदीत उतरला. वस्तू हातात आल्यावर पैसे द्यायचे, ही आपल्या बाजाराची जुनी सवय त्या सोयीने जपली. जून २०१३मध्ये ॲमेझॉनने भारतात दुकान मांडले. दुकान हा शब्द बोलण्यापुरताच, कारण कायद्याच्या दृष्टीने ते दुकान नव्हते.

किरकोळ व्यापाऱ्यांच्या संरक्षणासाठी भारताने परकीय भांडवल असलेल्या ई-कॉमर्स कंपन्यांना स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकू दिलेला नाही. मार्च २०१६मध्ये सरकारने हे स्पष्ट केले: परकीय गुंतवणूक चालेल ती फक्त बाजारपेठ चालवण्यासाठी, साठा बाळगण्यासाठी नाही. डिसेंबर २०१८मध्ये नियम आणखी कडक झाले आणि १ फेब्रुवारी २०१९पासून लागू झाले. बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीचे भागभांडवल ज्या विक्रेत्यात आहे, त्याला तिथे माल विकायला बंदी आली. हेतू चांगला होता. पण परिणाम असा झाला की ग्राहक ज्याला दुकानदार समजतो, त्याला कायद्यानेच ‘मी दुकानदार नाही’ म्हणण्याची सोय मिळाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९मध्ये मध्यस्थाला काही अटींवर जे संरक्षण आहे, त्याचाही आधार कंपन्या घेतात.

आठवडी बाजारात ग्रामपंचायत विक्रेत्याकडून जागेचे पैसे घेते आणि कांद्याच्या दर्जाची हमी देत नाही, तसेच हे आहे असे कुणी म्हणेल. पण ग्रामपंचायत आपल्या नावाचे खोके देत नाही, पैसे आपल्या खात्यात घेत नाही, कुठला कांदा आधी दिसावा हे ठरवत नाही आणि माल घरी पोहोचवत नाही. ऑनलाइन बाजारपेठ ही सगळी कामे करते.

समजा, सांगलीतल्या एका घरी पाच लिटरचा कुकर मागवला. संकेतस्थळ बेंगळुरूच्या कंपनीचे, विक्रेता सुरतचा, माल भिवंडीच्या गोदामातला, पार्सल आणणारा मुलगा स्थानिक कंत्राटदाराचा आणि चॅटवर उत्तर देणारी व्यक्ती आणखी एका कंपनीची कर्मचारी. झाकण बसत नाही म्हणून तक्रार केली की विक्रेता म्हणतो, आमच्याकडून माल चांगला निघाला, वाहतुकीत वाकला असेल. डिलिव्हरीवाला म्हणतो, मी बंद खोके दिले. चॅटवरून उत्तर येते, विक्रेत्याकडे विचारणा केली आहे, ४८ तास थांबा. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी खरे असू शकते. ग्राहकाच्या हातात मात्र वाकडे झाकणच राहते.

गावातल्या भांड्यांच्या दुकानात कुकर घेताना आपण तो उचलून वजन पाहतो, तळ वाजवून बघतो, झाकण दोनतीनदा लावून काढतो. ऑनलाइन खरेदीत हात, कान आणि डोळे यांचे हे काम बंद पडते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या शोधनिबंधात याचा परिणाम दाखवला होता. माल चांगला की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असली की घेणारा बेताचीच किंमत द्यायला तयार होतो. त्या किमतीत चांगल्या मालाच्या विक्रेत्याला परवडत नाही, तो बाजार सोडतो आणि मागे वाईट माल उरतो. अकरलॉफ यांना २००१मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, दोन सहकारी अभ्यासकांसोबत.

ऑनलाइन बाजारात हाताने पारखण्याची जागा तीन गोष्टींनी घेतली आहे: यादीतला क्रम, स्टार आणि सवलत. फसगत होते ती याच तीन ठिकाणी. म्हणून तिन्ही नीट पाहू.

यादीत वर कोण?

मोबाइलवर ‘प्रेशर कुकर ५ लिटर’ असे शोधले की पहिल्या पडद्यावर तीनचार वस्तू दिसतात. त्यांतल्या काहींवर, फिकट बारीक अक्षरांत, ‘स्पॉन्सर्ड’ असे लिहिलेले असते. म्हणजे ती जागा विक्रेत्याने पैसे मोजून घेतली आहे. पुढे सरकत गेलो तरी अशा वस्तू मध्ये मध्ये भेटत राहतात. तीन लिटरचा कुकर, कढई, नुसते रबरी गॅस्केट, असे मागितलेल्या वस्तूच्या आसपासचे काहीबाही पुढे येते. शोधयंत्र बिघडले आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते दोन धन्यांचे काम करत असते. ग्राहकाला हवी ती वस्तू दाखवणे हे एक काम, आणि जागा विकून जाहिरातीचे उत्पन्न मिळवणे हे दुसरे. दुसरे काम किती मोठे आहे ते एका आकड्यावरून कळते: ॲमेझॉनला २०२४मध्ये जगभरातून जाहिरातींचे ५६ अब्ज डॉलरहून अधिक उत्पन्न मिळाले.

याचा भुर्दंड दोघांवर पडतो. ग्राहकाला चांगली वस्तू शोधायला जास्त वेळ लागतो. विक्रेत्याला कमिशन, गोदाम आणि वाहतूक यांच्या जोडीला दिसण्याचेही पैसे भरावे लागतात, आणि ते तो किमतीतच धरतो. इचलकरंजीचा छोटा कापडविक्रेता किंवा कोल्हापुरी चपला करणारा कारागीर या बाजारात नाव नोंदवू शकतो, पण नाव नोंदवणे आणि ग्राहकाच्या नजरेस पडणे यांत मोठे अंतर आहे. रॉयटर्स वृत्तसंस्थेने फेब्रुवारी २०२१मध्ये ॲमेझॉनच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे वृत्त दिले होते, की २०१९च्या सुरुवातीला भारतातल्या चार लाखांहून अधिक विक्रेत्यांपैकी अवघ्या ३५ जणांकडे सुमारे दोन तृतीयांश विक्री होती. कंपनीने या वृत्तावर आक्षेप घेतला. सगळ्या विक्रेत्यांना समान वागणूक मिळते का, हा प्रश्न मात्र तेव्हापासून उघडपणे विचारला जाऊ लागला.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२०मध्ये लागू झाले. यादीतला क्रम कोणत्या निकषांवर ठरतो हे बाजारपेठेने सोप्या भाषेत सांगितले पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. विक्रेत्याचे नाव आणि पत्ता ग्राहकाला मिळाला पाहिजे, हेही आहे. वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांनुसार एमआरपी, वजन किंवा नग, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि वस्तू कोणत्या देशात बनली ही माहिती पानावर देणे आधीपासूनच बंधनकारक आहे. ही माहिती बहुधा पानाच्या तळाशी, दोन ठिकाणी टिचकी मारल्यावर उघडते. ती उघडून पाहायला अर्धा मिनिट लागतो. विक्रेत्याचा पत्ता अर्धवट असेल, उत्पादकाच्या जागी नुसते ‘इम्पोर्टेड’ असेल, तर त्या वस्तूपासून चार हात दूर राहावे. आयएसआय चिन्हाची वस्तू असेल तर तिच्यावरचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येतो. कुकर, हेल्मेट, मुलांची खेळणी आणि विजेची उपकरणे यांच्याबाबतीत ही पडताळणी टाळू नये.

स्टारांचा हिशेब

स्टारांना पैशात किंमत आहे. हार्वर्डचे मायकेल लुका यांनी सिॲटलमधल्या उपाहारगृहांचा अभ्यास केला, तेव्हा येल्प या संकेतस्थळावर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढते असे आढळले. ज्या गोष्टीला एवढी किंमत, तिची नक्कल होणारच. शेरी ही, ब्रेट हॉलनबेक आणि डेव्हिड प्रोझर्पिओ या अभ्यासकांनी फेसबुकवरचे गट तपासले. ॲमेझॉनवरचे विक्रेते तिथे उघडपणे माणसे शोधत होते. पद्धत अशी: ग्राहकाने वस्तू खरोखर विकत घ्यायची, पाच स्टार द्यायचे, त्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा, मग विक्रेता पूर्ण पैसे परत करतो. खरेदी खरी असल्यामुळे रिव्ह्यूवर ‘खात्रीशीर खरेदी’चा शिक्का बसतो.

आपल्याकडे याचे छोटे रूप थेट खोक्यात येते. वस्तूसोबत एक चकचकीत कार्ड असते: पाच स्टार द्या, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, कॅशबॅक मिळवा. दुसरी युक्ती आणखी हुशारीची. एखाद्या जुन्या, चांगल्या वस्तूच्या पानावर हजारो रिव्ह्यू जमलेले असतात. विक्रेता त्याच पानावर वस्तूचा ‘नवा प्रकार’ म्हणून भलतीच वस्तू जोडतो. इअरफोनच्या पानावर शंभर लोक पाण्याच्या बाटलीचे कौतुक करताना दिसले, तर समजावे की स्टार दुसऱ्याच कुणीतरी कमावलेले आहेत.

नोव्हेंबर २०२२मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणले. रिव्ह्यू कसे गोळा करावेत, लिहिणाऱ्याची ओळख कशी पडताळावी, कुठले छापावेत आणि कुठले वगळावेत याची चौकट त्यात आहे. पण ते ऐच्छिक ठेवले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑगस्ट २०२४मध्ये खोटे रिव्ह्यू विकत घेण्यावर आणि विकण्यावर थेट बंदी घातली, तीही दंडाच्या तरतुदीसह. इतका पैसा गुंतलेला असताना ऐच्छिक मानकाने हे थांबेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

तोवर वाचण्याची पद्धत आपण बदलू शकतो. सरासरी स्टार बाजूला ठेवून दोन आणि तीन स्टारांचे रिव्ह्यू आधी वाचावेत. वस्तू खरोखर वापरलेला माणूस तिथे सापडतो: ‘दोन महिन्यांत हँडल ढिले झाले’, ‘पाच लिटर लिहिले आहे पण चार लिटरच मावते’. रिव्ह्यूंचा क्रम ‘नवे आधी’ असा लावावा, कारण नाव झाल्यावर मालाचा दर्जा उतरवणारे विक्रेते असतात. ग्राहकांनी टाकलेले फोटो कंपनीच्या फोटोंशी ताडून पाहावेत. आणि वस्तू चांगली निघाली तर आपणही चार खऱ्या ओळी लिहाव्यात. खोट्या रिव्ह्यूंचा जोर खऱ्या माणसांच्या मौनामुळे वाढतो.

खोडलेली किंमत

₹४,९९९ खोडलेले, बाजूला ₹१,४९९ आणि त्याखाली ‘७० टक्के सूट’. खोडलेली किंमत वाचूनही आपण विसरू शकत नाही, आणि तिथेच मेख आहे. मानसशास्त्रज्ञ ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानमन यांनी १९७४मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आकडे लिहिलेले चाक लोकांसमोर फिरवले जाई आणि ते मुद्दाम १० किंवा ६५ या आकड्यावरच थांबे. मग विचारले जाई: संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के असेल? चाकाचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही १० पाहिलेल्यांचे मध्यम उत्तर २५ आले आणि ६५ पाहिलेल्यांचे ४५. डोळ्यांसमोर आलेला पहिला आकडा मनात खुंटी ठोकून बसतो आणि पुढचा अंदाज तिच्याभोवतीच फिरतो.

एमआरपी म्हणजे कमाल किरकोळ किंमत. तिच्याहून जास्त घेणे गुन्हा आहे, पण छापताना ती वाजवी असावी असे बंधन बहुतेक वस्तूंना नाही. त्यामुळे नाव नसलेल्या ब्रँडला हवी ती एमआरपी छापून हवी ती सूट दाखवता येते. सूट किती, हा प्रश्न म्हणूनच निरुपयोगी आहे. या वस्तूला एवढे पैसे द्यायला मी सूट नसती तर तयार झालो असतो का, एवढाच प्रश्न विचारावा.

सेलच्या दिवसांत घाईची भर पडते. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’ झाला. संकेतस्थळ कोलमडले, वस्तू क्षणात संपल्या, ऑर्डरी रद्द झाल्या, काही वस्तूंच्या किमती सेलच्या तोंडावर वाढल्याचे ग्राहकांनी दाखवून दिले. दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. यंत्रणा आता सुधारल्या आहेत, पण घाईचे तंत्र कायम आहे. उलटे मोजणारे घड्याळ, ‘फक्त २ शिल्लक’, ‘आत्ता ४३ जण पाहत आहेत’.

अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१०मध्ये दिले. भारताने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि तेरा प्रकार नावानिशी नोंदवले. खोटी घाई हा त्यांतला एक. न विचारता कार्टमध्ये विमा किंवा देणगी टाकणे हा दुसरा. पहिल्या पानावर एक किंमत आणि पैसे भरताना हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क यांची भर पडून वेगळीच किंमत, हा तिसरा. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असे बटण ठेवून ग्राहकाला लाजवणे हा चौथा. सदस्यत्व घेणे सोपे आणि सोडणे अवघड ठेवणे, हा सर्वांत महागात पडणारा.

या शेवटच्या प्रकाराचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३मध्ये ॲमेझॉनवर खटला भरला. आरोप असा, की लोकांना नकळत प्राइम सदस्यत्वात ओढले जाते आणि बाहेर पडण्याची वाट मुद्दाम लांबवली आहे. रद्द करण्याच्या त्या प्रक्रियेला कंपनीत ‘इलियड’ म्हणत, ग्रीक महाकाव्याच्या नावावरून. सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीने चूक मान्य न करता अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत करायचे होते. ग्राहकाचा तो गुंता डिझायनरच्या टेबलावर आखलेला असतो, हे सरकारी यंत्रणेने ठामपणे मांडले. एखादे सदस्यत्व रद्द करताना बटण सापडले नाही, तर दोष आपल्या अडाणीपणाचा मानू नये.

परतीची वाट

डिसेंबर २०१८मध्ये अभिनेत्री सोनाक्षी सिन्हा यांनी ॲमेझॉनवरून सुमारे १८ हजार रुपयांचे हेडफोन मागवले आणि सीलबंद खोक्यातून लोखंडाचा तुकडा निघाला. त्यांनी समाजमाध्यमावर फोटो टाकले, कंपनीने लगेच दखल घेतली. असे दगड, साबण आणि जुने मोबाइल सामान्य ग्राहकांच्या खोक्यांतूनही निघतात. फरक पडतो तो पुढच्या दखलीत.

सामान्य ग्राहकाचा रिटर्न अशा तऱ्हेने अडतो. पिकअपला आलेल्या मुलाच्या मोबाइलवर मूळ वस्तूचा फोटो आणि खुणांची यादी असते. रंग, मॉडेल, सिरियल नंबर, खोक्यावरचा बारकोड, सोबतचे सुटे भाग असे एकेक जुळवत तो जातो. मॉडेलच चुकीचे आले असेल, तर सिरियल नंबर जुळणार कसा? न जुळणे हीच तर तक्रार असते. पण ॲपमध्ये त्यासाठी रकाना नसतो. ‘उत्पादन जुळत नाही’ असा शेरा पडतो आणि पिकअप रद्द होतो. तोवर रिटर्नची मुदत संपत आलेली असते. या मुलावर चिडून उपयोग नाही. त्याला पार्सलमागे पैसे मिळतात आणि ॲपबाहेर निर्णय घेण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. विक्रेत्याचीही बाजू आहे. वापरलेली साडी, बदललेला चार्जर, रिकामे खोके परत आल्याचा तोटा अनेक छोट्या विक्रेत्यांनी सोसला आहे. कडक तपासणी त्यातूनच आली. बिघाड आहे तो अपवादाकडे पाहायला जबाबदार माणूस न ठेवण्यात.

कायदा इथे ग्राहकाच्या बाजूने आहे. २०२०च्या नियमांनुसार वस्तू सदोष असेल, बनावट असेल, वर्णनाशी जुळत नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने झाला असेल तर गोष्ट वेगळी. ‘या वस्तूला रिटर्न नाही’ ही पानावरची ओळ मन बदललेल्या ग्राहकासाठी असू शकते. सदोष मालासाठी ती ढाल होत नाही.

हक्क बजावायला पुरावा लागतो, आणि तो वेळीच गोळा करावा लागतो. ऑर्डर देताना वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा, कारण नंतर वर्णन बदलता येते. महागड्या वस्तूचे पार्सल उघडताना चित्रण करावे. सुरुवात नाव-पत्त्याच्या लेबलवर आणि न फाटलेल्या चिकटपट्टीवर, मग न थांबता खोके उघडणे, शेवटी वस्तू आणि तिचा सिरियल नंबर. मध्ये तुटलेले चित्रण कमी उपयोगी. ओपन बॉक्स डिलिव्हरीची सोय असेल, तर वस्तू पाहण्याआधी ओटीपी देऊ नये. ओटीपी म्हणजे ‘वस्तू नीट मिळाली’ अशी आपली सही. फोनवर झालेले बोलणे नंतर चॅट किंवा ईमेलमध्ये लिहून पाठवावे. आणि कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नये. त्या शोधात भामट्यांनी पेरलेले नंबर वर येतात, रिफंडच्या नावाखाली ते स्क्रीन शेअर करायला लावतात आणि खाते रिकामे करतात. नंबर फक्त ॲपच्या आतून घ्यावा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

तक्रार शेवटपर्यंत नेणे

पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने असा अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. चॅटवर चार दिवस घालवण्यापेक्षा या अधिकाऱ्याला एक मुद्देसूद ईमेल लिहावा: ऑर्डर क्रमांक, तारीख, काय मागवले, काय आले, काय हवे. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. खटल्याआधी कंपनीकडे तक्रार पोहोचवून तोडगा काढण्याचे काम ती करते आणि तिथे मराठीतही बोलता येते. तिसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने इथे मोठा बदल केला. कंपनी कुठलीही असो, ग्राहक आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात दाद मागू शकतो. सांगलीच्या माणसाला बेंगळुरूला जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.

नऊशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढे कोण करणार, असे अनेकांना वाटते. ते स्वाभाविकही आहे. सगळी व्यवस्था याच कंटाळ्याच्या भरवशावर चालते: नुकसान एकेकट्याचे लहान आणि विखुरलेले, फायदा एकीकडे साठलेला. याचे उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी दिले होते. १९७४मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. कुटुंबांचे छोटे गट एकत्र येऊन महिन्याचा किराणा घाऊक भावात, दर्जा तपासून घेऊ लागले. एकट्या ग्राहकाचे न ऐकणारा व्यापारी हजारो कुटुंबांचे ऐकतो, हे त्यांनी करून दाखवले.

दबाव आजही चालतो. गाडीचा सीटबेल्ट न लावता बझर बंद करणाऱ्या छोट्या धातूच्या क्लिपा ऑनलाइन सर्रास मिळत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या आसनावरच्या दोघांचा मृत्यू झाला. दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. सीटबेल्टचा प्रश्न देशभर चर्चेत आला आणि या क्लिपांकडेही लक्ष गेले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२१मध्ये सीटबेल्ट न लावल्याने १६,३९७ माणसे दगावली होती. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या बाजारपेठांविरुद्ध आदेश काढले आणि मे २०२३पर्यंत अशा क्लिपांची १३,११८ पाने हटवली गेली. तोवर ‘विक्रेता विकतो, आमचा काय संबंध’ म्हणणाऱ्यांना एवढी पाने शोधून काढता आली, याचा अर्थ शोधण्याची क्षमता त्यांच्याकडे आधीपासून होती.

म्हणून मागण्याही नेमक्या हव्यात. विक्रेत्याची ओळख आणि सुरक्षेशी निगडित वस्तूचा परवाना बाजारपेठेने वस्तू दाखवण्याआधी पडताळावा. विक्रेता गायब झाला तर ज्याने पैसे स्वीकारले त्यानेच ते परत करावेत. रिव्ह्यूंचे मानक सक्तीचे व्हावे. आणि यंत्राने नाकारलेली प्रत्येक तक्रार निर्णयाचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत ठरलेल्या वेळेत पोहोचावी. खेड्यापाड्यांत जिथे चांगले दुकान नाही, तिथे या बाजारपेठांनी पुस्तके, औषधोपचाराची साधने आणि शेतीची अवजारे पोहोचवली आहेत. अपंग आणि वृद्ध ग्राहकांना त्यांनी मोठी सोय दिली आहे. ती सोय टिकावी असे वाटणाऱ्याने तर तक्रार केलीच पाहिजे. जो प्रत्येक विक्रीत वाटा घेतो, त्याने प्रत्येक विक्रीची जबाबदारीही घ्यावी, हे तत्त्व कायद्यात पूर्णपणे रुजेपर्यंत आपली प्रत्येक नोंदवलेली तक्रार त्या बाजूचा पुरावा आहे.